ऐसी मिलेगी शिक्षा

आमच्या घरात सिनेमाला जायचं म्हणजे तो सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जाऊन बसायचं. बाबांना सिनेमापेक्षा ट्रेलरचं वेड. इंदूरच्या आमच्या मिलच्या वस्तीत ट्रेलरला सगळे टेलर म्हणायचे, बाबाही. "पिक्चर काय, कोणीपण काढतो," ते सांगायचे, "टेलर काढायला दिमाग लागतो." हे ते एवढ्या मोठ्यानं सांगत की पुढच्या तीन रांगा मागे वळून बघत आणि कोणीतरी ओरडे, "ओ भिया, धीरे!" बाबांना ते ऐकू यायचं नाही. मिलच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे शेकडो माग एकाच वेळी खडखडतात तिथे, जॉबर म्हणून, मागवाल्यांचा मुकादम म्हणून, बावीस वर्षं काढल्यावर त्यांच्या कानांत फारसं काही उरलं नव्हतं. पडद्यावरचा जाड आवाज तेवढा छातीत ऐकू येतो म्हणायचे.

मारधाडीच्या टेलरचे नियम त्यांना तोंडपाठ होते. आधी देऊळ, घंटा, आईच्या हातचा घास, बहिणीची राखी. हे जेवढं गोड, तेवढं घर पुढे मोठं जळणार. मग जीप यायची, पण जीप दाखवायची नाही, नुसतं चाक. मग काच फुटायची. काच फुटली नाही तर तो मारधाडीचा पिक्चरच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. हीरोचे आधी बूट, मग पाठ, तोंड सगळ्यांत शेवटी. व्हिलन हसणार, पण कशाला ते सांगायचं नाही. त्या सगळ्यावरून जाड आवाज फिरणार आणि त्यात तीन 'एक' हवेतच: एक माँ, एक कसम, एक तूफान. टेलरमध्ये जो मरताना दिसतो तो पिक्चरमध्ये मरत नाही, हाही नियमच. आणि शेवटी एक प्रश्न, क्या वो ले पाएगा बदला? त्याचं उत्तर द्यायचं नाही. "सवाल विचारायचा आणि लाइट लावून टाकायचे," बाबा म्हणत. "जवाब दिला की पब्लिक घरी जाते."

साचेखात्यातली माणसं कामावर आवाजानं बोलतच नसत. उपयोगच नसायचा. तिथे ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे; दहा माग पलीकडच्या माणसाला शिवी द्यायची तर तीही ओठांनीच. ती सवय बाबांनी घरी आणली आणि आम्हा मायलेकींनाही लावली. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड उजेडात ठेवून. म्हणूनच त्यांना छळायचं असेल तर फार काही करावं लागत नसे. पाठ फिरवून बोललं की झालं. आईनं हे शोधून काढलं होतं. मी त्यात तिच्या चार पावलं पुढे गेले.

मिल बंद झाली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय हिंदी साहित्य. बाबांच्या नियमानं त्या दिवशी निदान एखादी काच तरी फुटायला हवी होती. काही फुटलं नाही. सकाळचा भोंगा वाजला नाही, एवढंच. गेटवर नोटीस लागली, माणसं ती वाचून घरी आली आणि दिवाळीनंतर उघडेल म्हणाली. दिवाळी गेली. मग होळीनंतर म्हणाली. एकामागून एक आणखी मिली बंद पडत होत्या आणि पाटनीपुऱ्यात रिकामी माणसं पोह्यांच्या गाड्यांभोवती दिवसभर उभी असत. त्याच महिन्यांत आमच्या समोरच्या गच्चीवर डिशची छत्री लागली आणि गल्लीतल्या दोन घरांत तारेवरून परदेशातला नाच यायला लागला.

बाबा घरी बसले. घरी बसलेला बहिरा माणूस काय असतो ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. ते स्वतःशी बोलत आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाई. मी पुस्तक उघडलं की माझ्या शेजारी येऊन बसत आणि विचारत, "हिंदी काय शिकायची असते? आम्ही नाही का शिकलो खात्यात?" कॉलेजातली मैत्रीण घरी आली तेव्हा तिच्यासमोर त्यांनी संडासाला चाललोय हे भोंग्याच्या आवाजात जाहीर केलं. सरळच सांगते, त्या दिवसांत मला ते नकोसे झाले होते. पाठ फिरवून मी त्यांना काय काय म्हटलं असेल ते इथे लिहीत नाही. आई ऐकायची आणि भाजी चिरत राहायची.

अशात एका टॉकीजच्या मॅनेजरनी त्यांना बोलावलं. टॉकीज जुनी, पडदा ठिगळ लावलेला. मोठ्या टॉकीजवाल्यांना डिस्ट्रिब्यूटर ट्रेलरची रिळं पाठवत. ह्यांच्याकडे पिक्चरच गावभर फिरून, थकून आल्यावर यायचा. त्याचा ट्रेलर कोण पाठवणार? म्हणून हे रिक्षाच्या दोन्ही बाजूंना पोस्टर बांधत, वर भोंगा लावत आणि कोणीतरी माइकवर एलान करत शहरभर फिरे. आधीचा माणूस सोडून गेला होता. बाबांचा आवाज मॅनेजरनी कधीतरी टॉकीजमध्येच ऐकला होता, ऐकावाच लागला होता.

"देखो जॉबर साब," मॅनेजर म्हणाले, "एक पिक्चर आजमाएंगे. शुक्रवार को हॉल भर गया तो नौकरी पक्की. नहीं तो मैं कॅसेट चला लूंगा, कॅसेट चाय नहीं पीती."

मी सोबत गेले होते, मॅनेजर काय म्हणतात ते बाबांना समोर उभं राहून पुन्हा सांगायला. बाबांना मी ते शब्द न् शब्द सांगितलं, कॅसेटचंसुद्धा. त्यांचा चेहरा उतरला. ते बघायचं होतं म्हणूनच सांगितलं होतं.

तरीही एलान मी लिहून देणार होते. आई म्हणाली, दे. ह्या नोकरीवर घर चालणार होतं, हे तिघांनाही कळत होतं. मी बसून चांगलं पानभर लिहिलं, 'प्रतिशोध की ज्वाला' आणि 'नियति का क्रूर अट्टहास' वगैरे, प्राध्यापकांनी शाबासकी दिली असती असं. बाबांनी ते वाचलं आणि ते गल्लीला ऐकू जाईल असे हसले. "हे काय, निबंध? यात काच कुठे फुटते?" दुसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर म्हणाले, "हमारी लडकी का हिंदी इस्कूल के तख्ते का हिंदी है, साब. उसको पब्लिक का नहीं मालूम." मॅनेजर हसले, रिक्षावाला हसला. माझं पान त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि संध्याकाळी त्यात शेव बांधून आणली. आम्ही ती खाल्ली. माझी अक्षरं तेलात दिसत होती.

मग बाबांनी स्वतः टेलर बांधला. देऊळ घेतलं, राखी घेतली, चाक घेतलं. काच फुटायचा आवाज तोंडानं काढायला शिकले, चांगला काढत. तीन 'एक' बसवले. शेवटी मात्र अडकले. आधी त्यांनी 'मिलेगी सज़ा' म्हणून पाहिलं. दोन दिवस ते घोळवलं आणि मला बोलावलं.

"सजा हलकं वाटतं," म्हणाले. "सजा काय, लाल बत्ती तोडली तरी होते. भारी शब्द पाहिजे. शिक्षा! 'ऐसी मिलेगी शिक्षा, कि रूह कांप जाएगी!' कसं आहे?"

आता मराठी माणसाला ह्यात काही खटकणार नाही. पण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शाळा, फळा, पाढे. जुलमी ठाकुराला असं शिक्षण मिळेल की त्याचा आत्मा थरथरेल, असं ते वाक्य झालं होतं. जन्म इंदुरात काढलेल्या माणसाला हे माहीत नसावं? माहीत होतंच. 'शिक्षा विभाग'ची पाटी रोज बघत होते. पण त्यांच्या मते शब्दाला दोन्ही अर्थ होते. साचेखात्यात मराठी जॉबर म्हणत, आज त्याला शिक्षा झाली, आणि ऐकून ऐकून तिथले हिंदीवालेही तेच म्हणत. बावीस वर्षं त्यांच्याभोवती सगळ्यांनी तो शब्द तसाच वापरला होता. आणि घरात आईकडून मिळालेला शब्द माणसाला सगळ्यांत भारी वाटतो.

"सांग ना," बाबा म्हणाले. "तू शिकलेली आहेस. चालेल ना शिक्षा?"

हा प्रश्न त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता, शिकलेली म्हणून. मी त्यांच्या समोर उभी राहिले, तोंड उजेडात धरलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "एकदम मस्त, बाबा. बदलू नका."

ते खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाईट वाटलं नाही. शेवेचं तेल अजून डोक्यात होतं.

शुक्रवारच्या आधी चार दिवस रिक्षा फिरली. नंदानगर, परदेशीपुरा, राजवाडा. बाबा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले, पांढरा शर्ट, माइक दोन्ही हातांत. "एक माँ... एक राखी... एक तूफान! और जिसने जलाया घर, उसको... ऐसी मिलेगी शिक्षा!" मी आमच्या कॉलेजच्या फाटकाशी उभी होते. पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. रिक्षा फिरून परत आली तेव्हा एक पोरगा खाली बसला हसत. मग सगळेच. "कौन सी शिक्षा, काका? प्राइमरी कि मिडिल?" धावत्या रिक्षातून बाबांना ओठ वाचता येत नव्हते; पोरं हसतायत, हात हलवतायत, एवढंच दिसत होतं. त्यांनीही हात हलवला. आणि मग तेच वाक्य दुप्पट जोरात म्हटलं. माझ्या शेजारची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "अरे यार, कौन है ये?" मी म्हटलं, "पता नहीं."

शुक्रवारी हॉल भरला. नुसता भरला नाही, पोरं पायऱ्यांवर बसली. व्हिलनला पहिली थप्पड बसली तसा सगळा हॉल ओरडला, "शिक्षा!" दुसरीला, "उच्च शिक्षा!" बाबा पडद्याशेजारच्या दाराशी, लोकांकडे तोंड करून उभे होते. पडद्याच्या उजेडात हजार माणसांची तोंडं एकदम उघडत होती आणि त्या तोंडांवर त्यांना त्यांचाच शब्द वाचता येत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी हसू दाबत होते.

मॅनेजरांनी नोकरी पक्की केली आणि मला बाजूला घेतलं. "बेटा, पापाजी को बताना मत. और ये शब्द हर पिक्चर में रहना चाहिए."

म्हणजे जे मी रागापायी एकदा केलं होतं, ते आता आमच्या घराचं पोट झालं. वर्षभर प्रत्येक पिक्चरमध्ये कोणाला ना कोणाला शिक्षा मिळाली. शहरातल्या पोरांना ते वाक्य पाठ झालं. बाबा रस्त्यानं जाताना ती वाकून पाया पडत, "गुरुजी, शिक्षा दो." बाबा डोक्यावर हात ठेवत. घरी येऊन सांगत, "मिलमध्ये बावीस साल होतो, कोणी नाव विचारलं नाही. आता पोरं पाया पडतात." आई माझ्याकडे बघायची. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नुसती चूक होती. महिन्यानं सांगणं म्हणजे नोकरी घालवणं होतं, आणि वर्षानं सांगणं म्हणजे त्यांना भर चौकात नागडं करणं. प्रत्येक शुक्रवारी ते जास्त महाग होत गेलं आणि मी आपली गप्प बसत गेले.

मग मिल पुन्हा सुरू करा म्हणून कामगारांनी गेटवर सभा ठरवली. एलान कोण करणार? आपल्याच खात्यातला माणूस आता शहरभर गाजतोय, तोच करणार. बाबांनी त्यासाठी चार दिवस टेलर बांधला, कुठल्या पिक्चरसाठी बांधला नव्हता असा. देवळाच्या घंटेच्या जागी मिलचा भोंगा, राखीच्या जागी रिकामा डबा. "एक मिल... एक ताला... एक मजदूर!" आणि शेवटी मालकांना काय मिळणार ते.

हे एलान रिक्षातून शहरभर फिरलं आणि सभेला तोबा गर्दी झाली. पुढे कामगार, त्यांच्या बायका, आणि मागे पोरंच पोरं. आई आणि मी गेटजवळ उभ्या होतो. पहिला वक्ता म्हातारा होता, साचेखात्यातलाच. त्यानं तोंड उघडलं आणि मागून आलं, "शिक्षा दो! शिक्षा दो!" पोरं शिट्ट्या मारत होती. म्हातारा थांबला, पुन्हा बोलायला लागला, पुन्हा तेच. कामगारांच्या बायका मागे वळून बघायला लागल्या. दोन-तीन कामगारही हसले, त्यांना आवरलं नाही. ज्या सभेची ती माणसं सहा महिने वाट बघत होती तिचा पाऊण तासात तमाशा झाला आणि म्हातारा खाली उतरला.

बाबा रिक्षाशेजारी उभे होते, काहीतरी बिघडलंय हे त्यांना दिसत होतं, काय ते कळत नव्हतं. समोर, गर्दीच्या पलीकडे, त्यांच्या शेजारच्या मागांवर वीस वर्षं काम केलेला माणूस उभा होता, उत्तर प्रदेशातला. त्यानं हात वर केला, बाबांनी बघितलं. आणि तो बोलला, आवाज न करता, नुसत्या ओठांनी, खात्यात बोलायचे तसं. एवढ्या गर्दीत ते फक्त खात्यातल्या माणसांना आणि आम्हा दोघींना वाचता आलं.

"शिक्षा मतलब पढ़ाई. सब तुझ पे हँसते हैं, भाई. साल भर से."

बाबांनी माइक रिक्षात ठेवला, वायर नीट गुंडाळली आणि चालत घरी आले.

आम्ही पोचलो तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. उलट इतक्या हळू बोलले की मला कान द्यावा लागला.

"तुला विचारलं होतं मी. तुला ठाऊक होतं?"

मी शेगडीकडे वळले. पाठ त्यांच्याकडे करून म्हटलं, "हो."

"तोंड इकडे करून बोल."

मी वळले. तोंड उजेडात आलं. "नाही, बाबा," मी म्हटलं, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. तेवढ्यात आई, जी इतकी वर्षं भाजी चिरत गप्प बसली होती, ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "आधी हो म्हणाली," तिनं सांगितलं. "पाठ फिरवून."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते पाटावर बसले आणि जेवले. भाजी दोनदा मागून घेतली.

पुढच्या सोमवारी मला वाटलं ते जाणार नाहीत. ते गेले. मग वाटलं शब्द बदलतील, सजा म्हणतील. दुपारी रिक्षा आमच्या गल्लीत शिरली, जी आधी कधी शिरत नव्हती, आणि बरोबर आमच्या दारासमोर थांबली. बाबांनी माइक धरला, माझ्याकडे बघितलं आणि देऊळ नाही, राखी नाही, काच नाही, एवढंच म्हणाले, "ऐसी मिलेगी शिक्षा." तीनदा. गल्लीतली पोरं हसली. बाबांनी त्या प्रत्येकाकडे नीट बघितलं, हसणं संपेपर्यंत थांबले आणि ड्रायव्हरला पुढे घ्यायला सांगितलं. टॉकीज पाडून तिथे दुकानं निघेपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं, दर सोमवारी हे झालं. मी माडीवर गेले तरी ऐकू यायचं. माझे कान ठणठणीत आहेत.

मिल उघडली नाही. घर चालवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी अर्ज टाकत सुटले. एका दुपारी टपालानं हुकूम आला, सांवेरच्या पलीकडच्या एका गावी, प्राथमिक शाळेत. मी तो बाबांच्या हातात दिला. तेव्हा सरकार कंत्राटावर मास्तर नेमत होतं आणि त्यांना शिक्षाकर्मी म्हणत होतं. बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. त्या शब्दाशी थांबले. तो पुन्हा वाचला, नुसत्या ओठांनी.

"हिंदी शिकवणार?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"पोरांचे शब्द चुकले तर सांगशील ना त्यांना?"

मी त्यांच्या समोर आले, तोंड उजेडात धरलं आणि म्हटलं, सांगेन, बाबा, सांगेन. पण प्रश्न विचारतानाच त्यांनी मान खिडकीकडे फिरवली होती, आणि मी गप्प होईपर्यंत ती तशीच ठेवली.